वहिवाटीची वीज : प्रस्तावना

शेतजमिनीच्या दिवाणी दाव्यांत ‘वहिवाट’ हा शब्द ज्या अर्थाने येतो, त्याच अर्थाने तो या ग्रंथाच्या नावात योजला आहे. एखाद्याच्या बांधावरून शेजाऱ्याची बैलगाडी वर्षानुवर्षे जात राहते. सात-बाराच्या उताऱ्यावर त्या वाटेची नोंद नसते, मालकाने ती कधी लिहून दिलेली नसते, आणि तरीही ती अडवायला गेले तर सारा गाव साक्षीला उभा राहतो. संगणकाच्या पाठीमागे असणाऱ्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टातून एका लहानशा डिस्प्लेला पुरेल एवढी वीज काढण्याची जी रीत हौशी मंडळींनी चालवली, तिचे स्वरूप नेमके असेच आहे. ज्या समितीने त्या पोर्टाचे मानक लिहिले, तिने वीजपुरवठ्यासाठी एकही पिन राखून ठेवली नाही. पोर्ट बोलण्यासाठी आहे, पोसण्यासाठी नाही, हा तिचा शिरस्ता. परंतु बोलण्यासाठी ज्या तारांवर व्होल्टेज उभे करावे लागते, त्याच तारांतून थोडी वीज वळवून घेता येते, हे कुणाच्या तरी ध्यानात आले, दुसऱ्याने त्याचे अनुकरण केले, आणि पाहता पाहता पायवाट मळली.

विषय वाटतो तितका क्षुल्लक नाही, असे म्हणण्याचा मोह प्रत्येक प्रस्तावनाकाराला होतो. मी तो आवरतो. विषय क्षुल्लकच आहे. सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखवणारी एक काचपट्टी, तिच्यावर घड्याळ किंवा खोलीचे तापमान किंवा संगणकाच्या पंख्याची गती, आणि एवढ्यासाठी भिंतीतल्या बोर्डावर आणखी एक अ‍ॅडॅप्टर अडकवावा लागू नये ही साधी इच्छा, याहून अधिक काही येथे नाही. मात्र ही इच्छा पुरी करू जाणाऱ्याला तारायंत्राच्या इतिहासापासून अर्धवाहकांच्या गुणधर्मांपर्यंत आणि मानक लिहिणाऱ्यांच्या मनोवृत्तीपासून स्वतःच्या घरातील अर्थिंगपर्यंत इतक्या गोष्टींची विचारपूस करावी लागते, की त्या क्षुल्लक काचपट्टीच्या निमित्ताने विद्युत्शास्त्राचा बराचसा प्रांत पायाखालून जातो. माझ्या बाबतीत तरी तसे झाले, आणि या ग्रंथाचा उगम त्यातच आहे.

तारायंत्राच्या काळी संकेत आणि शक्ती यांच्यात भेद नव्हता. तारेतून जो प्रवाह जाई तोच निरोप असे, आणि तोच पलीकडच्या ठाण्यातील विद्युत्चुंबकाला आपल्याकडे ओढून निरोप उमटवीही. निरोप्या स्वतःच शिदोरी घेऊन येई म्हणा ना. टेलिप्रिंटर आले तेव्हाही ही व्यवस्था टिकली: 60 आणि पुढे 20 मिलिअँपिअरचा प्रवाह दोन यंत्रांमधून फिरत ठेवायचा, प्रवाह वाहता असला तर एक अर्थ आणि तुटला तर दुसरा. हौशी संगणकाच्या पहिल्या पिढीने ज्या टेलिटाइप मॉडेल 33 या यंत्रावर आपली अक्षरे छापली, त्याची भाषा हीच होती. दूरध्वनीने तर ही परंपरा आपल्या डोळ्यांदेखत पाळली. घरातले दिवे गेले तरी चकतीचा जुना फोन चालू राही, कारण एक्सचेंजमधील 48 व्होल्टच्या बॅटऱ्या ज्या दोन तारांतून आपला आवाज नेत, त्याच दोन तारांतून आपल्या यंत्राला पोसतही असत. ज्यांनी काळोखात मेणबत्ती शोधता शोधता तो फोन उचलला आहे, त्यांना या पुस्तकाचा अर्धा विषय न शिकवताच कळला आहे.

हा संयोग मोडला तो 1960 साली. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने त्या वर्षी आरएस-232 हे मानक प्रसिद्ध केले, आणि 1969 साली आलेली त्याची ‘सी’ ही सुधारित आवृत्ती पुढे जगभर रूढ झाली. मोडेम आणि टर्मिनल यांच्यामधला व्यवहार ठरवणे हा मानकाचा हेतू होता, आणि ही दोन्ही यंत्रे पेटाऱ्याएवढी, आपापल्या वायरीने भिंतीतून वीज घेणारी असल्यामुळे एकाने दुसऱ्याला वीज द्यावी हा विचार मानककर्त्यांच्या मनाला शिवण्याचे कारणच नव्हते. त्यांनी ठरवले ते एवढेच, की घेणाऱ्याच्या टोकाशी उणे 3 ते उणे 15 व्होल्ट म्हणजे एक, अधिक 3 ते अधिक 15 व्होल्ट म्हणजे शून्य, आणि मधला भाग कुणाचाच नाही. नवख्याला ही उलटी वाटणारी व्यवस्था तारायंत्राकडून वारशाने आली आहे: विश्रांतीच्या अवस्थेला तेथे ‘मार्क’ म्हणत, आणि म्हणूनच आजही डेटा पाठवणारी तार काही बोलत नसते तेव्हा उणे बाजूला पडून असते. ही गोष्ट वाचकाने येथेच लक्षात ठेवावी, कारण जिच्यावर प्रत्येक नवख्याची पहिली नजर जाते ती टीएक्सडी नावाची तार वीज काढण्याच्या कामी सर्वांत निरुपयोगी का, याचे उत्तर त्यात आहे.

मानकात आणखी एक कलम होते, आणि वहिवाटीचा सारा इतिहास त्या एका कलमावर उभा आहे. केबल जोडणारा माणूस चुकणार, एक तार दुसरीला किंवा जमिनीच्या तारेला टेकणार, हे गृहीत धरून समितीने असा दंडक घातला, की कोणतीही पाठवणारी तार कशालाही टेकली तरी ती चालवणारा भाग जळता कामा नये. हा दंडक पाळण्यासाठी चिप बनवणाऱ्यांना प्रवाहावर मर्यादा घालावी लागली. मोटोरोलाची 1488 ही चिप या कामासाठी सर्वत्र वापरली गेली. संगणकाच्या अधिक-उणे 12 व्होल्टांवर ती चाले, आणि शॉर्ट झाली तरी सुमारे 10 मिलिअँपिअरच्या पुढे देत नसे. पुढे मदरबोर्डांवर जी 75232 ही जोडचिप आली तिचाही स्वभाव हाच. अर्थ असा, की अपघातापासून संरक्षण म्हणून बांधलेल्या धरणातून रोज थोडे पाणी काढले तरी धरणाला इजा होत नाही, हे हौशी माणसाला कळले. समितीने उदारपणे काही दिले नव्हते. तिने फक्त चुकांना मुभा ठेवली होती, आणि त्या मुभेत संसार थाटला गेला.

कनेक्टरविषयी थोडे सांगितले पाहिजे. मूळचा पंचवीस पिनांचा रुंद कनेक्टर मागे पडून नऊ पिनांचा आटोपशीर कनेक्टर रूढ झाला तो 1984 सालच्या आयबीएम पीसी-एटीपासून. बाजारात त्याला ‘डीबी-नाइन’ म्हणतात. शास्त्रशुद्ध नाव ‘डीई-9’ आहे, कारण मधले अक्षर कवचाचा आकार सांगते आणि ‘बी’ हा आकार पंचवीस पिनांचा. परंतु पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘डीई-9’ मागणारा माणूस शुद्ध बोलल्याचे समाधान घेऊन रिकाम्या हाताने परत येईल, म्हणून या ग्रंथातही बाजारी नावच ठेवले आहे. नऊ पिनांपैकी आपल्या कामाच्या तीन: पाचवी जमीन, चौथी डीटीआर, सातवी आरटीएस. ‘मी तयार आहे’ असे सांगणे हे डीटीआरचे काम आणि ‘बोलू का?’ असे विचारणे हे आरटीएसचे. दोन्ही तारा संगणकाकडून बाहेर जातात, दोन्ही प्रोग्रॅमच्या हुकमाने अधिक बाजूला उभ्या करता येतात आणि तशाच तासन्‌तास ठेवता येतात. दरबारात काहीही काम न करता केवळ उभे राहण्यासाठी नेमलेले हे दोन भालदार-चोपदार; त्यांच्याकडून पाणी भरून घ्यायचे, एवढीच या विद्येची युक्ती.

ही युक्ती हौशी लोकांनी प्रथम काढली असे मात्र समजू नये. सिरियल माउस तिच्यावरच जगला. त्याला वेगळी वीज कधी लागली नाही, हे आपण इतकी वर्षे पाहिले आणि त्याचे नवल मानले नाही. त्याच्या पोटातील दिवे आणि चिप डीटीआर व आरटीएस यांच्यावर चालत, आणि संगणकाला उलट उत्तर देण्यासाठी लागणारे उणे व्होल्टेज तो टीएक्सडीवरून घेई. लिनक्सवर रिमोट कंट्रोल चालवण्यासाठी लर्क या प्रकल्पाने जो घरगुती रिसीव्हर लोकप्रिय केला, त्यात आरटीएसची तार एका 1एन4148 डायोडमधून 78एल05 या रेग्युलेटरकडे आणि तेथून इन्फ्रारेड डोळ्याकडे जाते; चार-पाच सुट्या भागांचे हे सर्किट म्हणजे आमच्या विद्येचा मंगलाचरणाचा पाठ. पिक मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्रॅम भरण्याचा जेडीएम नावाचा प्रोग्रॅमर तर पोर्टाच्या अधिक आणि उणे अशा दोन्ही अंगांचा उपयोग करून 13 व्होल्टच्या आसपासचे प्रोग्रॅमिंग व्होल्टेजसुद्धा पोर्टातूनच निर्माण करी. त्याची आकृती प्रथम पाहिली तेव्हा एखादा अवघड श्लोक अन्वयासह उलगडावा तसा आनंद मला झाला होता, हे कबूल करतो.

डिस्प्लेचा प्रश्न या सर्वांहून नाजूक, कारण माउस क्षणभर अडखळला तर कुणाच्या लक्षात येत नाही, पण विझलेली अक्षरे सर्वांना दिसतात. म्हणून जमाखर्च मांडूनच कामाला लागले पाहिजे. बाजारात मिळणारा सोळा-बाय-दोनचा एलसीडी घ्या. हिताचीच्या एचडी44780 या नियंत्रकाच्या किंवा त्याच्या सहीसही नकलेच्या आधारावर चालणारा हा डिस्प्ले आपल्या तंत्रनिकेतनांत शिकलेल्या प्रत्येक मुलाने 8051 ला जोडून पाहिलेला असतो. मागचा दिवा सोडला तर त्याची भूक एक-दोन मिलिअँपिअरची. अक्षरांचा गडदपणा ठरवणारे 10 किलोओहमचे व्हेरिएबल 5 व्होल्टांमागे अर्धा मिलिअँपिअर घेते. सिरियल डेटा वाचून त्याला समजावणारा लहानसा मायक्रोकंट्रोलर, मंद घड्याळावर चालवला तर, आणखी दोनेक. जमेच्या बाजूला दोन तारांतून सहा-सहा धरले तर बारा मिलिअँपिअर. त्यापलीकडे ओढू गेल्यास व्होल्टेज ढासळू लागते. हिशेब सोयीचा दिसतो, आणि येथेच नवखा फसतो, कारण 78एल05 हा रेग्युलेटर स्वतःच्या निर्वाहासाठी तीन-चार मिलिअँपिअर घेतो, म्हणजे जमेचा तिसरा हिस्सा कारकुनाच्या पगारातच जातो. शिवाय 5 व्होल्ट देण्यासाठी त्याला पावणेसातच्या आसपास व्होल्ट पुढ्यात लागतात. त्याऐवजी एलपी2950 वापरला तर तो स्वतःसाठी जेमतेम पाऊण दशांश मिलिअँपिअर ठेवून घेतो आणि साडेपाच व्होल्टांवरही समाधानाने काम करतो. उरलेल्या सात-आठ मिलिअँपिअरांत नव्या पद्धतीच्या पांढऱ्या एलईडीचा मागचा दिवा वाचण्यापुरता लागतो. जुना पिवळा-हिरवा दिवा शंभराहून अधिक मिलिअँपिअर मागतो. त्याचा विचार सोडून द्यावा.

या हिशेबाचा एक विलक्षण परिणाम प्रत्यक्ष पाहण्यासारखा आहे. पोर्टाची तुटपुंजी मिळकत साठवण्यासाठी आपण 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतो. दहा मिलिअँपिअरने तो सहा व्होल्टांपर्यंत भरायला सेकंदाचा चौथा हिस्सा तरी लागतो. एचडी44780 च्या तपशीलपत्रात मात्र अशी अट आहे, की पुरवठ्याचे व्होल्टेज दहा मिलिसेकंदांच्या आत चढले तरच नियंत्रकाचा आपोआप होणारा आरंभ भरवशाचा धरावा. आपले व्होल्टेज सकाळच्या उन्हासारखे सावकाश चढते, नियंत्रक अर्धवट जागा होतो, आणि डिस्प्लेच्या वरच्या ओळीत सोळा काळे चौकोन दिसू लागतात, खालची ओळ कोरी. अशा वेळी शेकडो मुलांनी जोडणी उसवली आहे, सोल्डर पुन्हा केले आहे, दुकानदाराशी भांडण काढले आहे. वस्तुतः जोडणीत काही दोष नसतो. नियंत्रकाला 30 हा सोळा-अंकी पद्धतीतील हुकूम ठरावीक अंतराने तीनदा द्यावा, म्हणजे तो भानावर येतो. झोपलेल्याला तीन हाका मारण्याचाच हा प्रकार, आणि तो तपशीलपत्रातच सांगितलेला आहे.

एक चूक माझ्या स्वतःच्या खात्यावरची सांगतो. डायोड हा भाग पैशांत मोजण्याइतका स्वस्त आणि तांदळाच्या दाण्याएवढा. पहिल्या जोडणीत मी तो वगळला, कारण डीटीआरवर मला अधिक अकरा व्होल्ट दिसले होते आणि ते तसेच राहतील असे मी गृहीत धरले होते. प्रोग्रॅम बंद केला त्याक्षणी डीटीआर शिरस्त्याप्रमाणे उणे अकरावर गेली, रेग्युलेटरच्या पोटातून ते उणे व्होल्टेज पुढे सरकले, आणि काचपट्टीवरची अक्षरे गेली ती कायमची. पोर्ट मात्र सुरक्षित राहिला. त्या दंडकाने त्याला वाचवले. मला वाचवण्याचे कलम त्यात नव्हते.

या विद्येत पंथ पडले आहेत, आणि त्यांचे आपसांतले कज्जे ऐकण्यासारखे आहेत. पहिला पंथ कर्मठांचा: जे काही घ्यायचे ते डीटीआर-आरटीएसवरूनच, संगणकाचे झाकण न उघडता. या पंथाने काटकसरीची परिसीमा गाठली. मायक्रोकंट्रोलरसुद्धा वगळून 74एचसी164 सारख्या शिफ्ट रजिस्टरने डिस्प्ले चालवणारे, आणि नोकियाच्या जुन्या फोनांतील 84 बाय 48 ठिपक्यांच्या, अत्यल्प विजेवर चालणाऱ्या काचेला 3.3 व्होल्टांवर जागवणारे लोक याच पंथाचे. दुसरा पंथ सुधारकांचा. त्यांनी नवव्या पिनेवर, जी मूळची मोडेमची घंटा वाजल्याचे कळवण्यासाठी होती आणि जिला मोडेम नसलेल्या घरी काहीच काम नव्हते, संगणकाच्या आतून थेट 5 व्होल्ट आणून सोडले. दुकानांच्या गल्ल्यांवर गिऱ्हाइकाला रक्कम दाखवणारे जे उभे डिस्प्ले असतात त्यांच्यासाठी तर अनेक मदरबोर्डांवर नववी पिन घंटा, 5 व्होल्ट की 12 व्होल्ट हे ठरवणारा जंपरच असतो. कॅनडाच्या मॅट्रिक्स ऑर्बिटल या कंपनीच्या हौशी लोकांत प्रिय असलेल्या एलसीडी मॉड्यूलांवरही कनेक्टरातून वीज घेण्यासाठी जंपर दिलेला असे. तिसऱ्या पंथाचे लोक डेटा एका दाराने आणि वीज दुसऱ्या दाराने आणत, कीबोर्डाच्या किंवा गेम पोर्टाच्या 5 व्होल्टांची फांदी काढून. कर्मठ त्यांना भ्रष्ट म्हणत, आणि ते कर्मठांना दरिद्री.

माझा कल कुणाकडे, असे वाचक विचारील. सुधारकांचा मार्ग सोयीचा आहे हे मान्य करूनही मी तो नवख्याला सांगत नाही. ज्या पिनेवर मानकाप्रमाणे वीज नसावी तिच्यावर ती असणे म्हणजे दुसऱ्याच्या घरी पाहुणा गेलेल्या डिस्प्लेला किंवा आपल्या घरी आलेल्या मोडेमला धोका; आणि जंपर 12 वर राहिलेला असताना 5 व्होल्टची काच जोडली गेली तर काय होते हे सांगायला नको. पहिल्या पंथाचा माणूस फार तर उपाशी राहतो. दुसऱ्याचे नुकसान करत नाही. पण कर्मठांनीही गर्व धरू नये. लॅपटॉपच्या पोर्टात 1488 नसते. तेथे मॅक्स232 च्या घराण्यातील चिपा असतात, ज्या 5 किंवा त्याहून कमी व्होल्टांतूनच कपॅसिटरच्या साहाय्याने अधिक-उणे बाजू कशाबशा उभ्या करतात. त्यांच्याकडे स्वतःचीच बेताची कमाई. जो डिस्प्ले टेबलावरच्या संगणकाशी वर्षभर चालला तो मित्राच्या लॅपटॉपला लावताच फिकट पडतो, याचे कारण हे. वहिवाट एका बांधावर असते म्हणून ती दुसऱ्या बांधावर असेलच असे नाही. आणखी एक गंमत: जोडलेले उपकरण संगणक सुरू होताना आपण होऊन डेटा पाठवू लागले, तर विंडोज त्याला सिरियल माउस समजते आणि पडद्यावरचा बाण भूत लागल्यासारखा नाचू लागतो. जीपीएस वापरणाऱ्यांनी हा छळ पुष्कळ सोसला.

पाचव्या पिनेविषयी, म्हणजे जमिनीच्या तारेविषयी, दोन शब्द गांभीर्याने लिहितो. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचे सॉकेट असते आणि तिसऱ्या भोकामागे काहीच नसते. अशा सॉकेटवरच्या संगणकाच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात; त्याच्या वीजपुरवठ्यातील फिल्टरचे कपॅसिटर पत्र्याला आणि पर्यायाने पाचव्या पिनेला घरच्या व्होल्टेजाच्या जवळजवळ निम्म्यावर नेऊन ठेवतात. त्यामागचा प्रवाह अल्प असतो, माणूस त्याने सहसा केवळ दचकतो, पण एलसीडीच्या नियंत्रकाला तो पुरेसा आहे. पोर्टावर जगणारा डिस्प्ले दुसऱ्या कुठल्याही विजेला जोडलेला नसतो, हा त्या दृष्टीने कर्मठ पंथाचा मोठाच गुण. तरीही अर्थिंग तपासल्याशिवाय आणि दोन्ही बाजू बंद केल्याशिवाय कनेक्टर लावू नये.

देवनागरीचा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येणारच. एचडी44780 च्या स्मृतीत रोमन अक्षरे आहेत, एका आवृत्तीत जपानी काताकानाही आहेत. आपली अक्षरे नाहीत. स्वतः आखलेल्या अक्षरांसाठी पाच बाय आठ ठिपक्यांची आठ घरे तेवढी मोकळी मिळतात. आठ घरांत बाराखडी कशी बसवावी? बसत नाही. एखादे नाव, एखादे ‘नमस्कार’ बसते, आणि तेही काचेवर प्रत्येक अक्षराच्या चौकटीनंतर रिकामी फट असल्यामुळे शिरोरेखा दर अक्षराला तुटते. दातांत फटी असलेल्या मुलाच्या हसण्यासारखे ते दिसते. अखंड शिरोरेखेसाठी ग्राफिक काच हवी, आणि तिची भूक आली. तरी लहान मुलीचे नाव त्या तुटक्या रेघेत उमटलेले पाहून तिला झालेला आनंद मी पाहिला आहे, आणि त्यापुढे फटींची तक्रार करवत नाही.

जानेवारी 1996 मध्ये यूएसबीचे मानक आले आणि 1960 साली मोडलेला संयोग पुन्हा जुळला. त्याच्या चार तारांपैकी दोन केवळ विजेसाठी. जोडलेल्या उपकरणाने सुरुवातीला 100 मिलिअँपिअरपर्यंत घ्यावेत, अधिक हवे असल्यास संगणकाकडे रीतसर मागणी करावी, आणि मंजुरी मिळाल्यावर 500 पर्यंत जावे, अशी तरतूद लेखी झाली. वहिवाट संपून हक्क आला. 2005 साली इटलीतील इव्हरेआ येथे जन्मलेल्या आर्डुइनोची बहुतेक पुढची पिढी या हक्कावरच वाढली; आणि ज्या डीटीआरच्या तारेने कधीकाळी डिस्प्ले पोसले, ती आता त्या बोर्डावर एका लहान कपॅसिटरमधून मायक्रोकंट्रोलरला रीसेट करण्याचे काम करते. जुना चोपदार पेन्शनीत निघाला नाही, त्याला दुसरे खाते मिळाले.

मग आज, जेव्हा पंधरा-वीस मिलिअँपिअरचा ओएलईडी दोन तारांनी यूएसबीवर बिनदिक्कत चालतो, हे पुस्तक कशाला? एक कारण व्यवहाराचे आहे. घरच्या संगणकावरून सिरियल पोर्ट गेला असला तरी कारखान्यांतून तो गेलेला नाही. सीएनसी यंत्रे, वजनकाटे, नेटवर्कच्या पेट्यांचे कन्सोल, प्रयोगशाळेतील मोजणीची उपकरणे यांच्या पाठीवर तो अजून आहे, आणि भोसरीच्या एखाद्या शेडमधील वीस वर्षे जुन्या यंत्राला लहानसा वाचक डिस्प्ले लावून द्यायचा, तर हीच विद्या लागते. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. उन्हाच्या कवडशावर, यंत्राच्या थरथरीवर किंवा उष्णतेच्या फरकावर चालणारी जी संवेदक उपकरणे आता बनू लागली आहेत, त्यांचा जमाखर्च मिलिअँपिअरांचाही नाही, मायक्रोअँपिअरांचा आहे. आणि मुबलक 500 मिलिअँपिअरांत वाढलेल्या विद्यार्थ्याला तो मांडता येत नाही, हे मी तंत्रनिकेतनांतल्या मुलांबरोबर बसून पाहिले आहे. रेग्युलेटर स्वतः किती खातो हा प्रश्न त्यांना सुचतच नाही, कारण कधी अडलेलेच नसते. बारा मिलिअँपिअरांत संसार करून पाहिलेल्याला तो प्रश्न प्रथम सुचतो.

प्रस्तुत ग्रंथात म्हणून मी आकृत्यांचा संग्रह करण्याचे टाळले आहे. आकृत्या विपुल आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा बरोबरही आहेत; परंतु आकृती दुसऱ्याच्या पोर्टासाठी काढलेली असते. त्याऐवजी प्रत्येक ठिकाणी आधी मोजणी, मग हिशेब, मग जोडणी असा क्रम ठेवला असून, जेथे माझा हिशेब चुकला तेथे चुकलेला हिशेब तसाच छापून त्यापुढे दुरुस्ती दिली आहे. डायोडपासून डिस्प्लेपर्यंत जाणारी वाट एकदाच आणि सावकाश चालली आहे. पंथांच्या वादात मी कर्मठांचा वकील असल्यामुळे सुधारकांची बाजू त्यांच्यातल्याच एका मित्राकडून तपासून घेतली. त्याचे माझ्याशी अजूनही पटत नाही, आणि ते मतभेद मी तळटीपांतून राहू दिले आहेत. गणित शाळेतल्या ओहमच्या नियमापलीकडे जात नाही. परिभाषेच्या बाबतीत ‘संधारित्र’ आणि ‘विवर्धक’ यांचा आग्रह मी धरलेला नाही, कारण दुकानात कपॅसिटर मिळतो, संधारित्र मिळत नाही.

वाचकाला एकच विनंती आहे. पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी आपल्या यंत्राच्या चौथ्या आणि सातव्या पिनेवरचे पाचव्या पिनेच्या तुलनेतले व्होल्टेज मोजावे, एकदा मोकळे आणि एकदा प्रत्येक तारेवर एक किलोओहमचा रेझिस्टर लावून. आणि ते चारही आकडे या पुस्तकाच्या शेवटी मुद्दाम ठेवलेल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवावेत. पुढचे सर्व हिशेब त्या आकड्यांवर करायचे आहेत, माझ्या आकड्यांवर नाही.